मधली खुर्ची

थोरलीच्या नवऱ्याचा एक ठरलेला विनोद होता. लोकांच्या बायका चिडल्या की आदळआपट करतात, तो म्हणायचा, आमची खूश झाली की करते. हा विनोद त्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी केला आणि नातवंडं झाली तरी तोच चालू ठेवला, कारण थोरलीनंही आपलं वाजवणं चालूच ठेवलं होतं.

ती वाजवायची जेंबे. आफ्रिकेतला हा ढोल एका अखंड ओंडक्यातून कोरलेला असतो, वर रुंद, खाली निमुळता. तोंडावर बकरीचं कातडं, आणि ते ताणून धरायला चहूबाजूंनी दोरीची जाळी. काठी लागत नाही, नुसत्या हातांनी वाजवायचा. मधोमध तळवा टाकला की घुमतो, कडेला बोटं टाकली की मोकळा बोलतो, आणि त्याच कडेला बोटं जरा वेगळी सोडली की असा कडाडतो, की शेजारचे दार वाजवायला येतात. हा तिसरा आवाज नीट निघायला थोरलीला वर्षं लागली. दाराशी येणारे शेजारी तेवढ्यात दोनदा बदलले.

केस कापायच्या दुकानात ती उमेदवारी करत होती तेव्हाची गोष्ट. घरी जाताना टायरच्या दुकानावरच्या खोलीतून तिला तो आवाज ऐकू आला, आणि अंगावरच्या एप्रनला दुसऱ्यांचे केस चिकटलेले, तशीच ती जिना चढून वर गेली. वर मास्तर शिकवत होते. मास्तर तरुणपणी जहाजावर स्वयंपाकी होते. पश्चिम आफ्रिकेच्या एका बंदरात तापानं फणफणले म्हणून त्यांना उतरवलं, आणि बरे झाले तरी ते परतले नाहीत. तिथेच ढोल शिकत राहिले. परत आले ते पुन्हा कधी स्वयंपाकघरात गेलेच नाहीत. थोरली त्यांच्याकडे गेली ती तिथलीच झाली.

पुढे तिचं स्वतःचं दुकान झालं. गिऱ्हाइकांचे केस धुताना तिची बोटं त्यांच्या डोक्यावर ताल धरत. नेहमीच्या बायकांना त्याची इतकी सवय झाली होती, की सुट्टीच्या दिवसांत दुसरीकडे केस धुऊन घेतले तर धुतल्यासारखेच वाटत नाहीत, असं त्या सांगत. घरी ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर, झोपलेल्या नवऱ्याच्या पाठीवर, हात पोचेल तिथे ती वाजवी. आणि खरा ढोल पुढ्यात आला की तिचे डोळे आपोआप मिटत, मान मागे पडे, चेहरा असा होई की बघणाऱ्याला आपण उगाच कुणाच्या खासगीत डोकावलो असं वाटावं.

या लोकांच्या वाजवण्याची एक पद्धत आहे. बाजूला बसलेले जण एकेक लहानसा बोल धरतात आणि तोच वाजवत राहतात, न बदलता, न कंटाळता. मधल्या खुर्चीवरचा तेवढा मोकळा. समोर जो नाचत असेल त्याच्याशी तो आपल्या ढोलानं बोलतो. सुरुवात कधी आणि शेवट कधी, तेही तोच ठरवतो. त्यानं थांबायचा ठरलेला बोल वाजवला की सगळ्यांचे हात त्याच क्षणी थांबलेच पाहिजेत, पटो न पटो. मास्तर तसे मऊ स्वभावाचे, पण हा नियम मोडणाऱ्याला ते सरळ जिना दाखवत.

मधली खुर्ची अर्थात मास्तरांची. त्यांच्या उजव्या हाताला थोरली. इतकी वर्षं तिथे बसल्यावर मास्तरांनंतर ती खुर्ची आपली, हे तिनं गृहीतच धरलं होतं आणि इतरांनीही. नवीन आलेल्याला ती बोल शिकवी. कुणाच्या ढोलाचं कातडं फाटलं की नवं ती चढवी. ताणलेल्या ओल्या कातड्यावरचे केस वस्तऱ्यानं उतरवायचे असतात, आणि वस्तऱ्याच्या बाबतीत तिचा हात कोण धरणार? एखाद्या घरातल्या मोठ्या सुनेसारखी ती त्या खोलीत वावरायची. किल्ल्या तिच्याकडे नव्हत्या, पण त्या कुठे ठेवलेल्या असतात हे तिलाच माहीत होतं.

आणि मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण. सगळी हयात तिची बुटांच्या दुकानात गेली. लोकांच्या पायांपाशी बुटक्या स्टुलावर बसायचं, बूट चढवायचा, उतरवायचा, दुसरा चढवायचा. नवरा गेला, पाठोपाठ दुकानही बंद झालं, तेव्हा ती थोरलीच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आली. दिवसभर खिडकीत बसून असायची. थोरलीलाच बघवेना. एकटी भिंती बघत बसण्यापेक्षा माझ्याबरोबर चल, असं म्हणून तिनंच तिला हाताला धरून टायरच्या दुकानावर नेलं. पायावर धोंडा पाडून घ्यायचा असला की माणूस तो असा प्रेमानं पाडून घेतो.

खरं तर लहानपणावरूनच थोरलीनं ओळखायला हवं होतं. सायकल थोरली गुडघे फोडून घेत शिकली. धाकटी तिच्याच सायकलवर बसली आणि कोपऱ्यावरून सरळ वळून दिसेनाशी झाली. गाणं, शिवण, पोहणं, सगळं तसंच. थोरली घाम गाळायची, धाकटी नुसती पाण्यात उतरायची. पण ढोल थोरलीचा होता. धाकटीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि या एका गोष्टीपायी थोरलीनं तिला बाकी सगळं माफ करून टाकलं होतं.

तो कडाडणारा आवाज धाकटीला महिन्याभरात आला. थोरली भोवतालच्यांना अभिमानानं सांगत सुटली, माझीच बहीण आहे म्हणून. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, लागतो कधी कधी चुकून. नवरा म्हणाला, रोज चुकून लागतो का? त्यावर थोरलीनं ओट्यावरची भांडी फार मोठ्यानं लावली, आणि या वेळी ती खूश नव्हती, हे त्या गरिबालाही कळलं.

मास्तरांची बोटं अलीकडे सुजत. सकाळी तर मूठ मिटायची नाही. एका तालमीच्या शेवटी ढोल बाजूला करून त्यांनी सांगितलं, की यापुढे आपण बसून ऐकणार. बागेतल्या खुल्या रंगमंचावरच्या कार्यक्रमाला मधल्या खुर्चीवर धाकटी बसेल.

सगळ्यांनी आधी थोरलीकडे पाहिलं. धाकटीनंसुद्धा. थोरली छान झालं म्हणाली आणि आपल्या ढोलाची दोरी तपासू लागली, जिला काहीही झालेलं नव्हतं. आतून मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण तिनं हजारदा वापरली असेल. ती इतकी झोंबते हे तिला माहीत नव्हतं.

सगळे जिना उतरून गेले तरी ती मागे राहिली.

"मास्तर, माझं काय चुकतं?"

"काही नाही. तुझ्या हातात मला चूक सापडत नाही."

"मग?"

मास्तरांनी विचारलं, "आज नर्सनं नाचताना मध्येच एक गोष्ट बदलली. काय बदललं?"

नर्स म्हणजे त्यांची नाचणारी. दिवसा दवाखान्यात काम करायची आणि संध्याकाळी बूट काढून असं नाचायची, की तिच्या पायांखाली फळ्या जिवंत होत. थोरलीला आठवेना. आठवेना कसलं, तिनं पाहिलंच नव्हतं.

"आधी डावा पाय उचलायची ती उजवा आधी उचलायला लागली," मास्तर म्हणाले. "तुझ्या बहिणीनं ते आधी ओळखलं. बाजूला बसून. मधल्या खुर्चीवरच्याला डोळे मिटून चालत नाही गं. पहिल्या दिवसापासून सांगतोय तुला."

ते खरंच पहिल्या दिवसापासून सांगत होते. थोरलीला वाटायचं, म्हाताऱ्याची ती आपली एक लकब आहे, चहात साखर किती म्हणतात तशातली.

धाकटीला विचारलं तर तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. म्हणाली, पाय सगळं आधीच सांगतो की. गिऱ्हाईक तोंडानं म्हणतं बूट छान आहे, पण टाच आत खेचली गेली की समजायचं, हे घेणार नाही. एवढंच बघायचं. म्हणजे एकीनं जन्मभर लोकांची डोकी धरली आणि दुसरीनं पाय, आणि शेवटी पाय जिंकले. थोरलीला हे हसण्यावारी नेता आलं असतं, जर ती दुसरी तिची बहीण नसती तर.

त्या आठवड्यात तिच्या दुकानात काही खरं नव्हतं. एका बाईच्या कपाळावरची बट तिनं भुवईच्या इतकी वर नेली की बाई आरशात बघून रडकुंडीला आली. दुसरीचे केस ती इतक्या जोरात धूत होती, की त्या गिऱ्हाइकानं विचारलं, बाई, माझ्यावर काही राग आहे का? थोरली सॉरी म्हणाली. राग कुणावर होता ते सांगायची सोय नव्हती. सख्ख्या बहिणीला पाण्यात पाहणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं, कारण आजवर तिनंच ते इतरांना म्हटलं होतं.

त्यातच धाकटीच्या ढोलाचं कातडं फाटलं. ताई, तूच चढव ना, दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही, असं म्हणून ती ढोल ठेवून गेली.

थोरलीनं नवं कातडं भिजवलं, ढोलाच्या तोंडावरच्या लोखंडी कड्यांत बसवलं, दोरी ओढली. मग बाल्कनीत बसून केस उतरवायला घेतले. वस्तरा कडेपाशी आला, जिथे बोटं सगळ्यांत जोरात पडतात, तेव्हा तिचा हात थांबला. इथे पातं जरासं कलतं केलं तर कातड्याचा एक पापुद्रा निघेल. कुणाला दिसायचा नाही. घरी वाजवताना काही होणार नाही. बागेत उन्हात कातडं ताठ होईल, धाकटी रंगात येईल, आणि तिथेच ते फाटेल. हे सगळं तिनं अगदी नीट, शांतपणे मनात पाहिलं. आणि ते पाहताना तिला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, खूप बरं वाटलं.

पातं मात्र कललं नाही. तिला दया आली, पण ती बहिणीची नव्हे. कातडं फार सुंदर होतं, एकसारखं, कुठे डाग नाही की गाठ नाही. अशा कातड्याचा नाश तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. तिनं ते चकचकीत केलं, वाळवलं, पुन्हा ताणलं, आणि वाजवून पाहिलं तर तो आवाज तिच्या स्वतःच्या ढोलापेक्षा सरस निघाला. आता यावर काय बोलायचं?

ढोल न्यायला धाकटी आली तेव्हा थोरलीनं चहा टाकला. धाकटीनं दोनचार बोल वाजवले, मग कातड्यावर तळहात ठेवला. तिचं लक्ष थोरलीच्या चपलांकडे होतं.

"ताई, तुला हवी आहे का ती खुर्ची?"

थोरली पातेल्याकडे बघत राहिली. नाही, छे, तुझीच आहे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि म्हणण्याऐवजी चहात दुसऱ्यांदा साखर टाकली.

"हवी असेल तर घे की," धाकटी म्हणाली. "मी सांगते मास्तरांना. मला काय त्याचं? तुझ्याबरोबर यायला मिळतं म्हणून मी येते. तू विणकामाच्या वर्गाला जात असतीस तर मी विणकामाला आले असते."

ती हे इतक्या सहज बोलली, की थोरलीला कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. धाकटी भांडली असती तर चाललं असतं. हट्टाला पेटली असती, रडली असती, तर निदान एवढं कळलं असतं की त्या खुर्चीची किंमत तिलाही आहे. जिच्यासाठी आपण नवऱ्याची झोप घालवली, शेजाऱ्यांशी वाकडं घेतलं, हातांना घट्टे पाडून घेतले, ती गोष्ट हिच्याकडे आपसूक आली आणि हिला ती नकोही आहे. एखादीला दागिना मिळाल्याचा राग वेगळा, आणि तिनं तो उठून आपल्याच हातात ठेवल्याचा राग वेगळा. हा दुसरा जास्त जळतो.

"बरं," थोरली म्हणाली. नको नको म्हणायचं नाटकही तिनं केलं नाही.

मास्तरांना धाकटीनंच सांगितलं. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, सुजलेली बोटं चोळली आणि म्हणाले, तुमच्या घरातलं तुम्ही बघा, मी पहिल्या रांगेत बसेन.

कार्यक्रम दुपारचा होता. ऊन होतं, घडीच्या खुर्च्या भरल्या होत्या, मागे लोक उभेही होते. थोरलीचा नवरा कानात कापूस न घालता आला होता. थोरली मधल्या खुर्चीवर बसली, उजव्या हाताला धाकटी, आणि थोरलीनं मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आज काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत.

सुरुवातीचा बोल तिनं असा खणखणीत टाकला की मागे उभे राहिलेले लोक पुढे सरकले. बाजूचे ढोल आले, मागे ठेवलेले मोठे ढोल खालच्या आवाजात घुमू लागले, आणि नर्स अनवाणी मधे आली. थोरलीनं तिच्या पायांवर नजर रोवली. पाय उचलला, थोरलीनं कडाडवलं. पाय वळला, थोरलीनं वळवलं. बोल सगळे अचूक होते, हात कधी नव्हते इतके साफ चालले होते. फक्त प्रत्येक वेळी पाऊल आधी पडायचं आणि ढोल नंतर बोलायचा. अंतर केसाएवढं असेल. पण केस किती जाड असतो हे थोरलीहून जास्त कुणाला माहीत असणार?

शेजारी धाकटी आपला साधा बोल धरून होती. तोच तो, न बदलता, नियमाप्रमाणे. पण तिची नजर पायांवर होती, आणि सवय ती सवय, तिला ते आवरत नव्हतं. त्या साध्या बोलातलाच एखादा ठोका ती किंचित दाबून वाजवी, आणि तो बरोब्बर पाऊल पडायच्या जागी पडे. बोट दाखवावं असं त्यात काही नव्हतं. बोल तोच, जागा तीच. तरी नर्सच्या पायांना ते कळलं. आधी तिचा खांदा तिकडे वळला. मग कंबर वळली. मग ती सरळ धाकटीकडे तोंड करून नाचायला लागली, आणि नाच असा काही उसळला की लोक खुर्च्यांवरून पुढे वाकले.

थोरलीनं नर्सची पाठ पाहिली. पहिल्या रांगेत मास्तरांची हनुवटी उजवीकडे वळलेली पाहिली. आपला नवरासुद्धा तिकडेच बघतोय हेही पाहिलं. डोळे मिटलेले असते तर यातलं काही दिसलं नसतं. आयुष्यभर हव्या असलेल्या खुर्चीवर ती बसली होती आणि सगळी बाग तिच्या बहिणीचा ढोल बघत होती. त्या क्षणी ही बहीण झालीच नसती तर बरं, असं तिला वाटलं. अगदी स्पष्ट, याच शब्दांत वाटलं.

आणि तेव्हाच तिला ते दिसलं. नर्सचा उजवा गुडघा जरा मऊ पडला, कंबर खाली बसली, डाव्या टाचेनं फळी सोडली. ती उडी घेणार होती. मोठी, सगळ्यांत मोठी. ती कुठे उतरणार, कोणत्या ठोक्यावर उतरणार, हे थोरलीला उडीच्या आधी दिसलं. टायरच्या दुकानाचा जिना चढल्यापासून पहिल्यांदा दिसलं. त्या ठोक्यावर हात टाकला असता तर ढोल आणि पाऊल एका वेळी पडले असते, आणि खुर्ची तिची झाली असती.

पण पाय धाकटीकडे निघाला होता.

नर्स वर गेली आणि थोरलीच्या हातांनी थांबायचा बोल वाजवला. बाजूचे ढोल थांबले, मोठे ढोल थांबले. धाकटीचेही हात थांबले, नियमाप्रमाणे, त्याच क्षणी. सगळी बाग गप्प झाली आणि नर्स एकटीच हवेत राहिली. तिला उतरायला काही उरलं नव्हतं. पाऊल फळीवर पडल्याचा नुसता एक धप्प आवाज आला. ती अडखळली, गुडघ्यावर गेली, हात टेकून तिनं स्वतःला सावरलं.

लोकांना वाटलं शेवट असाच असतो. ते उठून टाळ्या वाजवू लागले, कुणी शिट्टीही मारली. पहिल्या रांगेत मास्तर तेवढे बसून राहिले.

धाकटी कानाशी वाकली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाटलं होतं, ताईच्या लक्षात आलं नसेल.

"ताई, तिचं पाऊल अजून वर होतं."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "दिसलं मला."

धाकटीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पायांकडे नाही. बराच वेळ पाहिलं. मग तिनं आपला ढोल खांद्याला लावला, जाऊन नर्सला हात देऊन उठवलं, आणि ताईसाठी न थांबता ती पायऱ्या उतरून गेली. टाळ्या अजून चालूच होत्या.